कडुलिंबाला माफी
शेणात माती कालवल्याचा वास आला ना, की मी थेट बहात्तरच्या दुष्काळात, कर्जतकडच्या आमच्या मळ्यात जाऊन पोचते! लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. शेळ्यांना पाला नाही म्हणून दारातल्या कडुलिंबावर मीच चढले, सपासप कुऱ्हाड चालवत सगळ्या फांद्या उतरवल्या, आणि शेवटची मोठी फांदी पडताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. ते झाड सासूबाईंनी लावलेलं, आणि त्या माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. मामंजी रानातून आले आणि बघतच राहिले. "वरनंच घाव घातला व्हय, सूनबाई? आदी खालनं खाच घ्यायची आस्ती, म्हंजी साल सोलत न्हाई." एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला! मग त्यांनी शेणमाती कालवून जखमेवर लिंपली, वरून आपलाच जुना पटका फाडून घट्ट बांधला. विहिरीनं तळ गाठला होता, तरी भांडी विसळलेलं पाणी मी त्याच्याच बुडात ओतायची आणि रोज वर बघायची. पाडव्याच्या सकाळी पटक्याच्या कडेला तांबूस कोंब दिसले! मी आनंदानं ओरडलेच, आणि गुढीसाठी एक कोंब खुडायला हात वर केला, तर मागून मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, औंदा त्याला माफी हाय." गुढीला पाला शेजारून आणला. आता ते झाड घराच्याही वर गेलंय, तरी पाडव्याला मी पाला शेजारूनच मागून आणते.