आक्कांची डबी

पाण्यात उडी मारायच्या आधी आक्का तोंडातली कवळी काढायच्या, तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या आणि डबी माझ्या हातात द्यायच्या. "धर गं शालन. ही गेली तर भाकरीचं वांदं." मग काष्टा वर खोचून घाटाच्या पायरीवरून थेट कृष्णेत सूर! साठी उलटलेली बाई, माझी सख्खी सासू, सांगलीच्या घाटावर, सगळ्यांच्या देखत. मी डबी पदराखाली लपवून उभी राहायची आणि मनात म्हणायची, देवा, ओळखीचं कुणी येऊ देऊ नकोस.

ओळखीचं कुणीतरी यायचंच. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि निम्म्या मुली घाटाशेजारच्या पुलावरूनच यायच्या. एखादी आगाऊ पोरगी भर वर्गात विचारायची, "बाई, तुमच्या सासूबाई पाण्यात उताण्या झोपतात म्हणे?" वर्ग फिदीफिदी हसायचा. मी फळ्याकडे तोंड करून उगाचच तारीख पुन्हा लिहायची.

आक्कांचं माहेर उंब्रजच्या पुढचं, नदीकाठचं. परकरात होत्या तेव्हापासून पाण्यात. लग्न होऊन कोरड्या गावात आल्या आणि नदी संपली. सासरे पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. शेत, म्हशी, दोन मुलं, सगळं आक्कांनी ओढलं. सासरे गेले आणि मोठा दुष्काळ सरला त्या साली आमच्याकडे सांगलीला आल्या. चौथ्याच दिवशी घाट शोधून काढला. "लगीन झालं तवा नदी सुटली. आता समदी कामं सुटली, तर नदी धरली. कुनाचं काय खाल्लं म्या?"

एकदा धीर करून मी म्हटलं, "आक्का, या वयात हे शोभतं का?"

"शोभायला म्या काय तोरण हाय व्हय?" असं म्हणून त्या लुगडं पिळायला लागल्या.

आमच्या ह्यांना सांगितलं की ते वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, "तूच बोल तिच्याशी." त्यांना काय जातंय! गल्लीतल्या बायका मला गाठून विचारायच्या, "म्हातारचळ म्हणायचा का हा?" आणि हसून ऐकून घ्यायचं मी.

त्यातच त्यांनी शेजारच्या तानूबाईंना हाताशी धरलं. तानूबाई गुडघे चोळत माजघरात बसलेल्या असायच्या. आक्कांनी त्यांच्या मुलाला विचारलं, "आईला काय झालंय रं?"

"काही नाही, वय झालंय."

"वय झालं म्हंजी काय गुन्हा केला व्हय? आवं तानूबाई, उठा. भोपळा हाय का घरात?"

पाठीला वाळका भोपळा बांधून पोरं नदीत पोहायला शिकतात, तसा त्यांनी तानूबाईंच्या पाठीला बांधला. सहा महिन्यांत पाच-सहाजणी झाल्या. गल्ली त्यांना भोपळ्यांची फौज म्हणायची. पण तानूबाई एकट्या मंडईत जाऊन भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागल्या, तेव्हा हसणारे जरा गप्प झाले. एकजण तर आपल्या आईला स्वतः घाटावर सोडायला यायचा. मला हे सगळं दिसत होतं. पण माझी लाज काही कमी होत नव्हती, खरं तेच सांगते.

त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने आक्कांचा सत्कार ठरवला. वडीलधाऱ्यांना शाल, नारळ आणि चकचकीत मुठीची काठी द्यायची, अशी तिथली पद्धत होती. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर आम्ही घरचे. अध्यक्षांनी आक्कांच्या खांद्यावर शाल घातली, काठी हातात दिली आणि कर्ण्यावरून म्हणाले, "आक्कांनी जन्मभर कष्ट केले. आता त्यांनी नदीचा नाद सोडून घरी नातवंडांत रमावं, ही आपल्या सगळ्यांची प्रेमाची विनंती!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अगदी मनापासून, दोन्ही हात वर करून. बाकीचे थांबले तरी माझ्या चालूच होत्या. सुटले बाई एकदाची, असं वाटलं होतं मला.

ध्वनिक्षेपक आक्कांच्या तोंडापुढे आला. आता ह्या सगळ्यांची हजेरी घेणार, म्हणून मी धास्तावले. त्यांनी पुढच्या रांगेत मला शोधलं. माझे हात अजून वरच होते. ते त्यांनी पाहिले.

"बरं," म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

दिवाळीनंतर पाणी निवळलं. तानूबाई भोपळा घेऊन दारात आल्या. "आवं आक्का, चला की!"

"न्हाई वं. मला आता शाल घातलीया."

बाकीच्या चार दिवस गेल्या आणि थांबल्या. शाळेत मला कुणी काही विचारेना. आक्का व्हरांड्यात खुर्चीवर बसायच्या. आधी काठी कोपऱ्यात पडून होती. संक्रांतीला उठताना लागायला लागली, शिमग्यापर्यंत मोरीत जायलाही. वय झालं, दुसरं काय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एक दिवस त्यांना अंघोळ घालत होते. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला आणि तसाच ठेवला. मी तांब्या मागितला तरी हात काढेनात. "पानी लय थोडं हाय गं," एवढंच म्हणाल्या. हे वय नव्हतं. त्यांना आम्ही बसवलं होतं, शाल घालून, टाळ्या वाजवून.

"आक्का, उद्या घाटावर जाऊ."

"आता न्हाई हुयाचं. पाय इसारलं."

"मग मला शिकवा."

त्यांनी मान वर करून बघितलं. मग विचारलं, "भोपळा?"

तानूबाईंचा भोपळा खुंटीवरून काढला, टांगा केला. आक्का पायरीवर बसल्या, काठी मांडीवर. पाठीला भोपळा आणि काष्टा खोचलेला, अशी मी गुडघाभर पाण्यात. पुलावर सायकली थांबलेल्या. माझ्याच वर्गातल्या मुली कठड्याला रेलून खिदळत होत्या. पाय पुढे जाईना.

"लाज वाटती?"

"वाटते."

"माझ्यापायी लय वाटली आसंल."

त्यांनी हात पुढे केला. "चष्मा आन हिकडं."

मी चष्मा काढून दिला. पूल, सायकली, मुली, सगळं धूसर झालं.

"झ्याक. आता कोन बगतंय ते दिसायचंच न्हाई. मार हात!"

त्या उन्हाळ्यात आक्का रोज पायरीवर बसून काठीने खुणा करत ओरडायच्या. "पाय झाड! आगं, पीठ मळतीस का पोहतीस?" तानूबाई आल्या, मग बाकीच्याही आल्या. आक्का मात्र पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला त्या गेल्या. कवळीची डबी माझ्याजवळ आहे.

भोपळा सुटला तो दिवस सांगायचा राहिला. वळीव पडायच्या आधी एका सकाळी मी भोपळ्याशिवाय मधल्या धारेपर्यंत जाऊन परत फिरले. घाटावरून टाळ्या ऐकू यायला लागल्या. चष्मा नव्हता, कोण वाजवतंय ते दिसेना. बाकीच्या थांबल्या, पण एक टाळी चालूच होती. पायऱ्यांजवळ आले तेव्हा दिसलं. काठी बाजूला टाकून, माझा चष्मा पदरात बांधून, आक्का दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या. मी कमरेएवढ्या पाण्यात तशीच उभी राहिले. वर यायची मला लाज वाटली.