खाऊची पाळी

"तिला सांग, पुढच्या वेळी पॅकेटबंदच आणायचं," सुधाकाकू मला म्हणाल्या. "तुला जमतं गोड बोलायला."

टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या मुलांची क्रिकेट प्रॅक्टिस असते. दर शनिवारी एका घराने सगळ्या टीमसाठी खाऊ आणायचा. त्या दिवशी पाळी डॅरेलच्या आईची होती. डॅरेल टीममधला एकटाच काळा मुलगा. हायवेच्या पलीकडून यायचा, सगळ्यांत वेगात बॉल टाकायचा. त्याच्या आईने मक्याचे मफिन घरी भाजून आणले होते. डबा उघडा होता. एकाही आईने आपल्या मुलाला हात लावू दिला नव्हता.

"कसल्या किचनमध्ये करतात कोण जाणे, यार!" कोणीतरी हसलं.

मीही हसले. मग गेले आणि सांगितलं. प्लीज लावून, थँक्यू लावून.

तिने विचारलं, "फक्त मी, की सगळ्यांनी?"

आदल्या शनिवारी माझे बटाटेवडे होते. घरी तळलेले. काकूंनी मागून मागून खाल्ले होते.



मी सातवीत असताना वनभोजनाला आईने डब्यात धपाटे दिले होते. बाईंनी सगळ्यांचे डबे एकत्र केले, माझा बाजूला सरकवला. "तुझं तू खा गं." घरी जाऊन आईला सांगितलं, सगळ्यांना खूप आवडले.

इथे आडनावावरून माझी जात कळली नाही. मीही सांगितली नाही. नवीन होतो तेव्हा काकूंनीच आम्हाला घरी ठेवून घेतलं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, उपकार विसरायचे नाहीत हे पक्कं शिकलेली. पण उपकारांनी तोंड बांधलं म्हणणं सोपं आहे. खरं तर काकूंच्या बाजूला उभं राहायला मला आवडत होतं.

डॅरेलची आई झाकण लावत होती. डॅरेल खाली बघत बूट काढत होता.

मी म्हणाले, "सगळ्यांनी नाही. फक्त तुम्ही." आणि एक मफिन मागितला.

"आता नको," ती म्हणाली. दिला नाही.

मी काकूंकडे वळले. "काकू, आम्ही गावकुसाबाहेरचे. इतके दिवस माझ्या हातचं खाताय."

"अगं, आम्ही असलं काही मानत नाही!"

"मग तिचं का नाही खाल्लं?"

काकूंनी पर्स उचलली, मुलाला हाक मारली. "रोहन, कम. वी आर लेट."

पुढच्या शनिवारी डॅरेल आला नाही. नंतरही नाही. निरोप काकूंचा होता, तोंड माझं होतं. त्याला मी घालवलं.

उद्या पालकांची मीटिंग आहे. कोण काय बोललं, ते मी नावं घेऊन सांगणार आहे. पहिलं नाव माझं.