बिनबटणांचे सदरे

माझ्या ताईला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. बिचारी कसली! बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळून ठेवील. जन्मतःच तिच्या लहान मेंदूचा मधला भाग नीट तयार झालेला नाही. त्यामुळे चालताना ती डुलते. एखादी वस्तू घ्यायला हात पुढे केला, की वस्तू जवळ येईल तसा हात जास्तच थरथरतो. गल्लीतली पोरं तिला 'भोवरा' म्हणायची. ही उलट त्यांनाच विचारायची, "सरळ चालणाऱ्यांनी कुठे मोठे दिवे लावलेत रे?"

ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवली की हात शांत होतात, मग शिलाई अशी सरळ की बघत राहावं. बटणं मात्र तिला जमत नाहीत, ना शिवायला ना अंगावरची लावायला. म्हणून तिच्या स्वतःच्या सगळ्या कपड्यांना वेल्क्रो. चहाचा कप ती उचलत नाही, तोंडच कपाकडे नेते.

लग्नानंतरही मी नवऱ्यासह आई-ताईजवळच राहते. मला दिवस गेले. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघत यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवलं. मग म्हणाल्या, "लहान मेंदूचा मधला भाग अजून मिटलेला दिसत नाही. कधी कधी उशिराही मिटतो. पण बहिणीचं असं आहे म्हणता, तर तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. मग काय ते ठरवा."

ठरवा म्हणे! काय ठरवायचं ते कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. घरी आल्या आल्या आईने कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा तेच भोग नकोत गं. एकदा काढलेत मी."

ताई दारातच भिंतीला धरून उभी होती.

"आई, तोंड आवर!" मी ओरडले.

"बोलू दे की," ताई म्हणाली. "काढलेतच तिने, खोटं थोडंच आहे?" आणि भिंतीच्या आधाराने आत निघून गेली.

नंतरचे दिवस नवरा आणि मी फक्त भाजी-किराण्याचं बोलायचो. जिवाला नुसता घोर. मला बाळ हवं होतं, आणि ताईसारखं नको होतं. अगदी स्पष्ट सांगायचं तर एवढंच. ताईच्या नजरेला नजर देण्याची सोय राहिली नव्हती. ती मात्र कारखान्यातून आली की दार लावून घरच्या मशीनवर बसायची.

दुसऱ्या तपासणीला आईबरोबर तीही हट्टाने आली. बाळ काही केल्या डोकं वळवेना. "भारी हट्टी आहे हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. नवऱ्याने माझा हात इतका आवळला की अंगठी बोटात रुतली. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र दाबतायत, सरकवतायत, पुन्हा मागे आणतायत.

"हं. मिटलाय तो भाग. लहान मेंदू व्यवस्थित आहे. काळजीचं काही नाही."

मी ढसाढसा रडले. आई म्हणाली, "सुटलो गं बाई, सुटलो!"

"सुटलो," ताईही म्हणाली, आणि खुर्ची घट्ट धरून बसून राहिली.

घरी आल्यावर तिने मला खोलीत बोलावलं. पलंगावर छोटे छोटे सदरे रचलेले होते, तीन-चार वर्षांच्या पोराला होतील असे. एकालाही बटण नाही. सगळ्यांना रुंद वेल्क्रो, थरथरत्या बोटांनीही उघडेल असा.

"म्हटलं, तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा," ती म्हणाली. "पण आलंच माझ्यासारखं, तर त्याचं त्याला घालता यावं. आता हे वेल्क्रो उसव. बटणं तूच लाव, मला जमत नाहीत."

तिने कात्री टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"ताई, तसं असतं तरी मी ठेवलंच असतं गं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"लहानपणापासून खोटं बोललीस की नाक ओढतेस," ती म्हणाली. "उसव आता."

मी पहिला टाका कापला.