दोन वर्षं न घेतलेलं इंजेक्शन

मोताळ्याच्या बाजारातून आईसोबत भाजी घेऊन निघालो आणि ओल्या फरशीवर पाय घसरला. धड पडलोही नाही, नुसता हात टेकला. तेवढ्यानं डावं मनगट मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत आमच्या गल्लीतले एक काका गुडघा दाखवायला आधीच बसले होते. आम्ही त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा मला दाढी होती. मी मुलगी म्हणून जन्मलो, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "पस्तिशीत हाड इतक्यानं मोडत नाही. काही औषध चालू आहे? ऑपरेशन वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

खरं म्हणजे पुण्यात माझं गर्भाशय आणि अंडाशयं काढली होती. पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन त्याआधीपासून चालू होतं. दोन वर्षांपूर्वी मेडिकलवाल्यानं नवी चिठ्ठी मागितली, पुण्याला जाणं लांबत गेलं आणि ते सुटलं. दाढी राहिली, आवाज राहिला. मला वाटलं, आता गरज नाही. पुढं दंड उतरले, कमरेला मांस चढलं, आमच्या खताच्या दुकानातलं पोतं उचलेना. बसून बसून असं होतं, अशी मी समजूत घातली.

डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होते. काकाही.

आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा."

"काऊन? मी काय परका हाये?"

"परके नाही. पण बसा बाहेर."

ते कुरकुरत उठले. आईनं दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. ऑपरेशनबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती. "सांग आता त्याईले," ती म्हणाली.

मी सांगितलं. डॉक्टरांचा पेन थांबला. ते आम्हाला हाकलतील असंच मला वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "इंजेक्शन कधीपासून बंद?"

"दोन वर्षं."

"अंडाशयं नाहीत, इंजेक्शनही नाही. बाईचं असो की पुरुषाचं, हाडांना एक तरी हार्मोन लागतं. तुमच्या अंगात दोन्ही नाहीत."

प्लास्टर घालून त्यांनी अकोल्याला हाडांची घनता मोजायला पाठवलं. मणक्याचं हाड विरळ निघालं, पण सावरता येण्यासारखं. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, सोबत कॅल्शियम. हात बरा झाल्यावर हळूहळू वजन उचलायचं.

अकोल्याहून परतताना बसमध्ये आईनं विचारलं, "बंद केलं ते मले काऊन नाही सांगितलं?"

"तुला ते आवडत नव्हतं ना."



"आवडीचं काय घेऊन बसला," ती म्हणाली. "इंजेक्शनची तारीख मले सांगत जा."