अकरा नंबरची पूड

संघरत्नाची आई द्रौपदीबाई भिवंडीच्या एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या द्यायची. नुसती द्यायची नाही, घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. "गिळली? आ कर. जीभ उचल. लडकूभाऊ, गालात काय दडवलं, सुपारी?" कापडाच्या लूमवरून आलेली माणसं हसत हसत गिळायची. पण काहींचे जंतू या गोळ्यांना दादच देत नसत. लडकूभाऊ त्यातलेच निघाले. त्या दिवशी आई जेवली नाही.

संघरत्नाने रसायनशास्त्र घेतलं ते यासाठीच. कॉलेजात पीएचडीला लागली. टीबीच्या जुन्या औषधाला नवा तुकडा जोडायचा, होईल त्या पुडीला नंबर द्यायचा आणि ती तपासणीला बाहेरच्या संस्थेत पाठवायची. दोन वर्षांत दहा पुड्या गेल्या, दहाही नापास.

२००७ च्या मे महिन्यात अकरा नंबरचा निकाल आला. चिमूटभरात जंतू साफ!

तिचे गाइड केसरीनाथ सर अकलोलीकडचे. एरवी पुस्तकी बोलायचे, आनंद झाला की जीभ थेट गावाला पोचायची. "मारलास गो पोरी! रसायनशास्त्राच्या परिषदेत तूच बोलनार. आता न्हाय म्हनू नको!" आणि स्टाफरूमभर पेढे.

संघरत्नाला मात्र ही पूड जरा जास्तच गुणी वाटली. तिने वही काढली. अकरा नंबर बनवला त्या दिवशी लोडशेडिंग होतं. चार तास उकळायचं मिश्रण दुसऱ्याच तासाला गार पडलं होतं आणि ती काचेच्या कांडीने ढवळत बसली होती. जुनं औषध न जोडलं जाता तसंच मागे राहिलं असेल तर?

तिने शुद्धता तपासायच्या पट्टीवर विरघळवलेल्या पुडीचा थेंब ठेवला, शेजारी जुन्या औषधाचा, या वेळी द्रावक बदलून दोन्ही वर चढू दिले आणि पट्टी आयोडिनच्या बरणीत टाकली. शुद्ध पदार्थाचा एकच ठिपका उमटतो. इथे पुडीचे दोन उमटले. दुसरा फिकट, जुन्या औषधाच्या ठिपक्याच्या बरोबर रेषेत. मागच्या वेळी तो थेंब ठेवतात त्या खालच्या पेन्सिलरेघेलाच चिकटून बसला होता आणि तिने डाग समजून सोडून दिला होता.

"अगं, डोळे बारीक केल्याशिवाय दिसत पन न्हाय तो," सर म्हणाले.

"जंतूंना दिसला ना, सर."

सर खुर्चीत मागे रेलले. "परिषदेच्या पत्रिकेत तुझं नाव छापून आलंय. दोन वर्षं घातलीस."

"जंतू मारतंय ते जुनंच औषध आहे, सर. लडकूभाऊंना याचा काय उपयोग?"

तिने पूड धुतली, पुन्हा स्फटिक पाडले, पट्टीवर एकच ठिपका येईपर्यंत सोडलं नाही, आणि खरं काय घडलं ते चिठ्ठीत लिहून पुन्हा तपासणीला धाडली. परिषदेला आठवडा उरला असताना पत्र आलं. स्वच्छ अकरा नंबरने जंतू ढिम्म हलत नव्हते.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परिषदवाल्यांना फोन लावला. संघरत्ना खाली मान घालून उभी.

"हॅलो साब, भिवंडीसे केसरीनाथ बोलता हाय. वो हमारा ग्यारा नंबर काट दो. हां, पुराना माल रह गया था उसमें. किसने पकडा? हमनेच!" मग तिच्याकडे बघून आवाज चढवला, "हमनेच म्हणजे हमारी पोरगीने. नाम लिखो."