सिरसाळ्याहून येणारी पत्रं

औरंगाबादहून सकाळी सहाची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत कपड्यांचा एक जोड होता आणि पाच जाडजूड पुस्तकं. पुस्तकं सिरसाळ्याच्या मन्मथअप्पांसाठी होती. अप्पा कापड दुकानदार. एका मासिकातलं माझं पत्र वाचून आठ वर्षांपूर्वी त्यांनी कार्ड टाकलं आणि तेव्हापासून आम्ही दर महिन्याला वाचत असलेलं एकमेकांना कळवत होतो, आवडलेलं पुस्तक बुकपोस्टाने पाठवत होतो. भेट मात्र एकदाही नाही.

गेल्या दीड वर्षात अप्पांची पत्रं बदलली होती. हात थरथरतो म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतो, असं त्यांनी कळवलं होतं, त्यामुळे अक्षराचं नवल नव्हतं. पण पूर्वी माझी प्रत्येक शिफारस गोड मानणारे अप्पा आता धीट झाले होते. माझ्या लाडक्या कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं, ‘नायकाच्या दुःखाला चाळीस पानं, आणि बायको मेली ती अर्ध्या ओळीत. असं कसं?’ मला झोंबलं. समोरासमोर भांडायचं ठरवून, न कळवताच निघालो.

गोदावरी ओलांडून गेवराईला गाडी थांबली. हॉटेलात नवीनच केबल आलेली. सगळी गिऱ्हाइकं चहा विसरून परदेशी कुस्ती बघत होती. बीडला गाडी बदलली. माझी पिशवी बघून कंडक्टरने विचारलं, “परीक्षा हाय का?”

“नाही, वाचायला.”

“येवढी? कावून (कशासाठी)?”

मी पिशवी पायाशी ओढून घेतली.

सिरसाळ्याला दुपारी उतरलो. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवाल्याला अप्पांचं घर विचारलं.

“कापडवाले अप्पा? ते वारले की! दीड साल झालं.”

“अहो, परवा त्यांचं पत्र आलंय मला!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने गल्लीकडे बोट केलं.

दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पदर डोक्यावर. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“बसा, भाऊ. पानी आणते.”

“पत्रं कोण लिहितं?” मी उभ्यानेच विचारलं.

“मी. शिवकांता. त्यांची घरवाली.”

दीड वर्ष मी एका मेलेल्या माणसाला ‘तब्येतीला जपा’ म्हणून लिहीत होतो!

“एका ओळीने तरी कळवायचं होतंत,” मी म्हणालो. आवाज चढला होता.

“कळवाया बसले होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, संगं पुस्तक. वाचलं. मला लई राग आला त्या पुस्तकाचा. कुनाला सांगू? तुमाला लिहिलं. बाईमानूस लिहितंय म्हनल्यावर तुमी उत्तर दिलं असतं का?”

मी पिशवीतली पुस्तकं काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) केला. मी खाईपर्यंत त्यांनी पाचही पुस्तकं चाळली. दोन ठेवली, तीन माझ्याकडे सरकवली.

“ही घेऊन जा. असली त्यांला आवडायची, मला न्हाई.” मग फळीवरून कव्हर फाटलेलं एक छोटं पुस्तक काढून दिलं. “हे वाचा. सुरवातीला कंटाळा येईल. सोडू नका.”

निघताना त्या दारापर्यंत आल्या. “पत्र धाडनार का आता?”

पायरी उतरल्यावर कसंबसं म्हणालो, “वरती नाव काय घालू?”

“माजंच घाला,” त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत पुस्तक उघडलं. कंटाळा आला, तरी सोडलं नाही.

घरी पोचल्यावर सिरसाळ्याची सगळी पत्रं काढून बसलो. पुन्हा पुन्हा उघडून घड्यांवर फाटलेली, मित्रांना वाचून दाखवलेली पत्रं एकूण एक शिवकांताबाईंची होती. अप्पांची साडेसहा वर्षांची पत्रं मी एकेकदाच वाचून ठेवली होती. घड्या तशाच कडक. ते गेल्याचं रडू मला तेव्हा कुठे आलं.