लाँचचं हँडल

डिझेलचा वास आला की मला आखातातल्या हिद्द गावचा किनारा आठवतो. तिथल्या मच्छीमारांनी समुद्रात अडकलेल्यांना आणायला एक लाँच वेगळी ठेवली होती, त्या कामाचे पैसे कुणी घेत नसे. आमचे हे तिचं इंजिन सांभाळायचे आणि ते सुरू करायचं लोखंडी हँडल पोरं खेळतील म्हणून घरी आणून ठेवायचे. एका शुक्रवारी हे मित्राच्या होडीतून मासे धरायला गेले, दुपारनंतर शमाल, म्हणजे तिकडचा उत्तरेचा झोंबरा वारा, सुटला आणि होडी काही परत येईना. माणसं लाँचवर चढली, पण हँडल आमच्या दारामागे. मी ते घेऊन धावले आणि गुडघाभर पाण्यात शिरले. लाँचवरून म्हातारा नाखवा ओरडला, "यल्ला भाभी, फेको!" मी म्हटलं, "पानी में गिरा तो तुम निकालेगा क्या? हाथ में लो." सूर्य बुडायच्या आत त्यांनी दोघांना आणलं. हे कुडकुडत उतरले आणि माझ्याकडे न बघता नाखव्यावर खेकसले, "इंजिन इतना गरम क्यों किया?" माणूस शाबूत आहे, हे मला तेवढ्यावरच कळलं. पुढे बऱ्याच वर्षांनी हे घरच्या पलंगावर गेले. समुद्रात गेले नाहीत, एवढं मला पुरे आहे.